सिंहाच्या झुलपांचा उतार

मी बसवलेल्या फरशीवर एक गोटी ठेवा, आत जाऊन निवांत चहा पिऊन या, गोटी जागच्या जागी सापडेल. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे. लेकीच्या शाळेत नवीन स्टेज झालं, त्याची फरशीसुद्धा मीच बसवली. असा माणूस सहा वर्षांच्या पोरीच्या कपाळावरची चार झुलपं सरळ कापू शकणार नाही, असं कुणी म्हणालं तर तुम्ही त्यालाच वेड्यात काढाल. आमच्या घरात एक व्यक्ती तसं म्हणाली. तिच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

लेकीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत आहे, बाकी सगळीकडे ती झिपरी. केस इतके दाट आणि कुरळे की एकदा त्यांत हरवलेली पिन पुढच्या आठवड्यात आपणहून बाहेर आली. या केसांमुळेच तिला शाळेच्या नाटकात सिंहाचं काम मिळालं. बाई म्हणाल्या, "हिला भाड्याची आयाळ नको, घरचीच आहे." तेव्हापासून झिपरी घरात साधी चालत नव्हती. जेवायला हाक मारली की आधी डरकाळी ऐकू यायची, मग ती.

जंगलातल्या बाकीच्या प्राण्यांना कुठे काय करायचं ते काही केल्या लक्षात राहीना. शेवटी बाईंनी त्यांना एकच नियम घालून दिला: राजा करील तसं करायचं. नियम चांगला होता. पण झिपरीची झुलपं डोळ्यांवर यायची. तालमीत सिंह मोठ्या रुबाबात आला, काही न दिसल्यामुळे हत्तीला धडकला आणि पालथा पडला. त्यामागोमाग सगळं जंगल शिस्तीत पालथं पडलं.

बाईंनी घरी निरोप पाठवला, "पुढची झुलपं भुवयांपर्यंत कापा. हिला समोरचं दिसलं नाही तर सिंह बदलावा लागेल. बाजूच्या वर्गातला एक मुलगा मुखवटा घेऊन तयारच बसलाय." त्या रात्री झिपरी डरकाळी न फोडता जेवली.

नाटकाच्या आदल्या दिवशी बायको सिंहाची शेपटी शिवायला बहिणीकडे निघाली, कारण शिलाईमशीन तिच्याकडे. दारातून मागे वळून म्हणाली, "संध्याकाळी येऊन मी हिला पार्लरमध्ये नेते. तोवर केसांना हात लावायचा नाही. हात फारच शिवशिवले तर त्या स्टुलाचं बघा."

"बघतो," मी म्हणालो. स्टुलाच्या बाबतीत मी बरेच महिने हेच म्हणत होतो.

ती जिना उतरून गेली नसेल तोच मी झिपरीला हाक मारली. "चल गं, कापून टाकू. पार्लरवाल्यांकडे पाणसळ तरी असते का?"

पाणसळ म्हणजे आमच्या धंद्यातली ती लांब पट्टी. तिच्या मधोमध काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. बुडबुडा मध्यावर आला की समजायचं, जमीन सपाट. सासू खोटं बोलेल, सरकार खोटं बोलेल, पाणसळ बोलत नाही.

झिपरीला मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. गळ्याभोवती चादर गुंडाळली. केस पाण्याने भिजवून, विंचरून सगळी झुलपं पुढे घेतली. सिंह दिसेनासा झाला, नुसता एक ओला पडदा उरला.

"बाबा, तुम्हाला येतं ना?" पडद्याआडून आवाज आला.

"अख्खं स्टेज बसवलंय मी. तुझं कपाळ केवढं?"

"बाई सिंह दुसऱ्याला देतील हं."

"कशाला देतील? तोंडात बोट घालून त्या स्वतःच म्हणतील, काय ती झुलपं!"

काम करायचं तर चोख करायचं. आधी गुण्या घेतला, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. तो स्टुलावर टेकवून पोरीची पाठ बरोबर काटकोनात आणली. पोरगी सारखी उजवीकडे कलत होती, मी सारखा तिला सरळ करत होतो. "ताठ बस. गुण्या सांगतोय तशी बस." मग भुवयांसमोर पाणसळ धरली. बुडबुडा मध्यावर येऊन शांत झाला आणि मी तिच्या कडेकडेने कात्री चालवली. कर्र, कर्र, कर्र. दोन पावलं मागे सरून पाहिलं. अहाहा! एक केस इकडचा तिकडे नव्हता.

झिपरी स्टुलावरून उतरली आणि आरशासमोर गेली.

"बाबा, मला एकच भुवई आहे."

मी जाऊन पाहिलं. डावी भुवई उघडी आणि उजवी झुलपांखाली. मी तिला उचलून पुन्हा स्टुलावर ठेवलं. पाणसळ लावली. सरळ! खाली उतरवलं. वाकडं! वर चढवलं. सरळ! पोरीला वाटलं हा खेळ आहे, तिला मजा यायला लागली. मला घाम यायला लागला.

मग मला आरशाचा संशय आला. आरशाला पाणसळ लावली तर तो खरंच जरासा कललेला निघाला. मी स्क्रू काढून आरसा नव्याने बसवला. आता झिपरी सरळ आरशात वाकडी दिसायला लागली.

साक्षीदार हवा म्हणून मी समोरच्या काकांना बोलावून आणलं. काका निवृत्त ड्रायव्हर. बसच्या खाली वाकून बघायचे तसं त्यांनी झिपरीच्या हनुवटीखालून वर बघितलं. "अलाइनमेंट गेलंय," ते म्हणाले. "पण चूक केसांची वाटत नाही. बॉडीच वाकडी असेल."

मला हे पटलं. आम्ही झिपरीला स्टुलावर बसवून दोन्ही कानांवर पाणसळ टेकवली. बुडबुडा एका टोकाला पळाला! डावा कान खाली, उजवा वर. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कान वरखालीच.

"जन्मापासून असणार," काका हळहळले. "आपलं लक्ष गेलं नाही, एवढंच. तुमच्यात कुणाचे आहेत असे?"

"आमच्यात नाहीत," मी म्हणालो. "मेहुणा नेहमी मान वाकडी करून बोलतो खरा."

एवढ्यात केस वाळायला लागले. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फरशी वाळल्यावर आकसत नाही हो! डोळ्यांदेखत झुलपं वर सरकायला लागली. भुवया सुटल्या, अर्धं कपाळ उघडं पडलं, आणि वर तिरकेपणा जसाच्या तसा. मोरीतलं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार देतात, तसा झिपरीच्या कपाळावर डावीकडून उजवीकडे छान उतार तयार झाला. काका "गॅस बंद करायचा राहिलाय" म्हणत निघून गेले.

संध्याकाळी बायको शेपटी घेऊन आली. तिने काही विचारायच्या आत मी तिला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला दिला आणि अगदी हळुवारपणे म्हणालो, "हे बघ, घाबरू नकोस. आपल्या झिपरीचे कान वरखाली आहेत. तुमच्याकडून आलंय. तुझा दोष नाही."

तिने झिपरीला पाहिलं, माझ्या हातातली पाणसळ पाहिली, चादर पाहिली. मग उठून स्टुलापाशी गेली आणि स्टुलावर एक बोट दाबलं.

टक.

दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं.

टक.

"किती महिने सांगतेय," ती म्हणाली, "याचा डावा पाय आखूड आहे."

पाणसळ मी पोरीच्या कपाळाला लावली, कानांना लावली, आरशालासुद्धा लावली. स्टुलाला तेवढी लावली नव्हती.

बायकोने झिपरीला उचललं आणि तडक पार्लर गाठलं. अर्ध्या तासात परत आली. पार्लरवाली म्हणाली होती, हे सरळ करायचं तर डावीकडच्या मापानं कापावं लागेल, मग पुढे झुलपंच उरणार नाहीत. सिंहाला पुढून टक्कल दिसेल.

झिपरी कोपऱ्यात शेपटी मांडीवर घेऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं. मी शेजारी जाऊन बसलो. मला फार वाईट वाटत होतं. तिच्याजवळ ते एवढं एकच काम होतं आणि ते मी कात्रीने तिरकं कापून ठेवलं होतं.

"आता तो मुखवटेवाला सिंह होणार," ती म्हणाली.

"का म्हणून? समोरचं दिसतंय ना तुला?"

"दिसतंय. पण सगळे हसतील. वाकडा सिंह म्हणतील."

"मान जरा डावीकडे कर बघू. अजून थोडी. बास." मी पाणसळ धरली. बुडबुडा मध्यावर. "अशीच धरून ठेव. कुणाला कळायचं नाही."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? कधीच?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पडदा उघडला. सिंह मान डावीकडे कलती ठेवून ऐटीत आत आला. झुलपं अशी सरळ की त्यांवर गोटी ठेवावी. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात हत्तीने सिंहाकडे पाहिलं आणि मान डावीकडे कलवली. मग माकडाने. मग हरणाने, कासवाने आणि दोन्ही सशांनी. राजा करील तसं करायचं! पाहता पाहता सगळं जंगल डावीकडे कललं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. प्रेक्षकांना आधी काही कळेना. मग पुढच्या रांगेतले लोक मान वाकडी करून बघायला लागले, मग मागच्या. झिपरीने अशी डरकाळी फोडली की एका सशाच्या हातातलं गाजर पडलं. टाळ्या थांबेनात. बाई बायकोचा हात धरून म्हणाल्या, "काय एकजूट होती हो! मी सांगितलंसुद्धा नव्हतं." काका मात्र माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "सगळ्यांचेच कान तसे दिसतात."

शाळेने फोटो दिला. तो मोठा करून मी बैठकीत लावला, अर्थात पाणसळ लावून. अधूनमधून त्याच्यासमोर उभा राहून मी खूश होत होतो.

मग एक दिवस नव्या बंगल्याचे मालक घरी आले. चार मजली घर, सगळी फरशी माझ्याकडून करून घ्यायची म्हणत होते. असं काम मला आजवर मिळालेलं नव्हतं. चहा घेता घेता त्यांची नजर फोटोवर गेली. ते उठून जवळ गेले. मी खालच्या मानेने हसत होतो, कारण आता स्टेजचं कौतुक होणार होतं.

"हे स्टेज तुम्हीच केलंय म्हणालात ना?" ते म्हणाले. "मग सगळी पोरं एकाच बाजूला कशी कललीत?"

मी तोंड उघडलं. झिपरी समोरच जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिचा खडू थांबला. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. झुलपं आता पुष्कळ वाढली होती, तरी डावीकडे अजून थोडी कमीच.

"स्टेजला जरा उतार राहिलाय," मी म्हणालो. "माझीच चूक."

मालकांनी कप खाली ठेवला, "बरं, कळवतो," म्हणाले आणि गेले. त्यांनी अजून कळवलेलं नाही. झिपरीचा खडू पुन्हा सुरू झाला.

बायको आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने माझ्यापुढे चहाचा दुसरा कप ठेवला, सोबत दोन बिस्किटंही. नाहीतर ती एकच ठेवते. मी खूश होऊन स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर टेकलो.

टक.

अर्धा चहा मांडीवर सांडला.

"अहो, त्या स्टुलाचं..." ती म्हणाली.

"बघतो," मी म्हणालो.