आठ मजल्यांचं जेवण

मुलांना जेवू घालण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे कागदावर दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण स्वतःची चार, दिरांची तीन आणि शेजारणीचं एक, अशी आठ मुलं माझ्या हातचे घास खाऊन मोठी झाली. त्यातलं एकही आज तिरकं झाल्याशिवाय माझ्या दारातून आत येत नाही.

नातू मात्र माझ्या वाट्याला काडी आला. तीन वर्षांचा, आणि मनगट माझ्या अंगठ्याएवढं. मी त्याला काडीच म्हणते. डॉक्टरीणबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आजी, वजन अगदी बरोबर आहे." बरोबर वजन बाजारातल्या बटाट्यांचं असावं. मुलाचं चार घास वरच असायला पाहिजे.

खरी गोम माझ्या सुनेत होती. ती ताटली पोरापुढे ठेवायची, म्हणायची, "हवं तेवढं खा," आणि स्वतः जेवायला लागायची. पोरगा सहा घास खाऊन उठायचा. ती ताटली उचलायची. ना राग, ना गयावया. असं कुठे जेवू घालतात? ताटलीत उरलेला भात बघून माझ्याच पोटात खड्डा पडायचा.

मग सुनेला नोकरी लागली. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यामुळे संध्याकाळी माझ्या ऐकायला तिच्याकडे कान उरत नसत. काडीला रस्त्याच्या टोकाच्या पाळणाघरात घालायचं तिच्या मनात होतं.

"मी घरात असताना नातू पाळणाघरात?" मी म्हटलं. "लोकांना वाटेल म्हातारी गेली."

"आई, तुम्ही भरवण्याच्या मागे लागता. तो रडतो," सून म्हणाली.

"रडताना तोंड उघडतं, तेवढंच बरं."

शेवटी माझा मुलगा मधे पडला. "आई, तीन महिने तू सांभाळ. मग डॉक्टरांना दाखवू. त्या ठीक म्हणाल्या तर काडी तुझ्याकडेच. नाहीतर पाळणाघर."

"आईला अटी घालतोस होय रे?"

"मी नाही, ती घालतेय," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला. घरात वाद झाला की त्याला अंघोळ आठवते. दिवसाला तीन-तीन अंघोळी झालेल्या मी बघितल्यात.

पहिला आठवडा फार वाईट गेला. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, भिंतीवरच्या पालीपर्यंत सगळ्यांचे घास झाले. काडीने ओठ असे मिटले होते की चमच्याने उचकटावे लागले असते. आठ मुलांची अन्नदाती मी, आणि एका काडीपुढे हरत होते. त्या आठवड्यात मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने दोनदा रडले, हे इथे पहिल्यांदाच सांगतेय.

आठव्या दिवशी वाटी घेऊन त्याच्यामागे धावता धावता आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर. लिफ्टशी आमचा संबंध नाही, घरातले सगळे जिन्याने जातात. कुणीतरी वरून बटण दाबलेलं होतं, लिफ्ट निघाली. मजला आला, 'टिंग' वाजलं, लाल आकडा लागला. काडीने वर बघितलं आणि आ वासला. मी चमचा आत सारला. पुढचा मजला, टिंग, आ, चमचा. आठव्या मजल्यापर्यंत वाटी अर्धी झाली. खाली येईपर्यंत मी वाटीला बोट फिरवत होते.

त्या दिवसापासून सगळ्या मजल्यांची बटणं दाबून आमचं जेवण लिफ्टमध्ये. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी चार, संध्याकाळी सून यायच्या आत दोन. पंधरा दिवसांत आकडा बघायचीही गरज उरली नाही. टिंग वाजलं की तोंड आपोआप उघडायचं. भूक असो नसो, तोंडात आधीचा घास असो नसो.

लोक कुरकुरले, नाही असं नाही. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "आजी, चारचं बटण दाबलं तर बोटाला केळं लागतं."

"मग सातचं दाबा. ते मी पुसलंय."

"मी चौथ्यावर राहतो."

"उतरा की चालत. तुम्हालाही व्यायाम नको का?"

बाकीच्यांना मात्र मजाच वाटायला लागली. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण बिस्कीट घेऊन दाराशी उभी राहायची. पाचव्यावरची नर्सबाई ड्यूटीला निघताना अर्धं केळं घालायची. मास्तरसुद्धा शेवटी खिशात शेंगदाणे ठेवायला लागले, अर्थात सोलून. टिंग झालं, दार उघडलं, समोर जो असेल त्याने काहीतरी तोंडात टाकायचं. टपालपेटीत पत्र टाकावं तसं. काडीचे गाल चढले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, विजारीची नाडी पोटावरून घसरायला लागली. लोक म्हणायचे, बाळसं धरलं हो. मी नुसती हसायची. कलाकाराने जास्त बोलू नये.

सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसायचं की रात्री पोरगा टेबलापाशी दोन घास खातो आणि डोळे मिटतो.

"आई, हा खात तर काहीच नाही. मग फुगतोय कसा?"

"माझ्या हाताचा गुण."

ती काळजीने माझ्याकडे बघायची. ते कौतुकच असणार असं मी धरून चालले.

तीन महिने झाले. मी नवी साडी नेसून, पेपर आधीच फुटलेल्या परीक्षेला जावं तशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. काडीला काट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हा काय खातो दिवसभरात?"

"रात्री दोन घास," सून म्हणाली. "दिवसभराचं आईंना माहीत."

"खातो आपला चिमणीसारखं," मी म्हटलं. सुनेसमोर लिफ्टचं नाव कसं काढणार?

तेवढ्यात टेबलावरचा डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. टिंग.

काडीने मान वर केली आणि आ वासला.

"घसा दुखतोय का रे?" त्यांनी बॅटरी घेऊन आत बघितलं. घसा छान होता. तोंड मिटलं. पुन्हा निरोप आला, टिंग. पुन्हा आ. डॉक्टरीणबाई आता सरसावून बसल्या. टिंग, आ. टिंग, आ. कुणीतरी त्यांना एकामागून एक फोटो पाठवत होतं बहुतेक. देव त्याचं भलं करो.

"हे कधीपासून होतंय?"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "मला नाही माहीत. मी दिवसभर घरी नसते."

"खाणं नाही, तरी वजन वाढतंय, आणि तोंड आपोआप उघडतंय," डॉक्टरीणबाई कागदावर भराभर लिहायला लागल्या. "घाबरू नका, पण रक्त तपासू. मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवू. डोक्याचा फोटो काढावा लागेल."

मेंदू हा शब्द ऐकून सून खुर्चीतच वाकली. "मी नोकरी धरायलाच नको होती," ती म्हणाली. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

बोलले तर नातू गेला, आणि आठ मुलं पोसल्याची अब्रूही गेली. नाही बोलले तर? मदतनीस बाई सुई घेऊन आली. तिने काडीच्या गुबगुबीत दंडाला रबर बांधलं आणि शीर शोधायला लागली. शीर सापडेना. माझ्या केळ्यांखाली गाडली गेली होती. काडी माझ्याकडे बघत होता. ओठ थरथरत होते, पण रडत नव्हता. आजी आहे म्हटल्यावर काही होणार नाही, असं त्याला वाटत असावं.

"सोडा त्याला," मी म्हटलं. "त्याला काही झालेलं नाही. त्याला मी झालेय."

मग सगळं सांगितलं. आठ मजले, सोळा घास, शिंपीण, नर्सबाई, मास्तरांचे शेंगदाणे. मधेच फोन वाजला आणि काडीने आ वासला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फोन उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"आजी, पोट भरलं की थांबायचं, हे मूल जन्मतःच शिकून येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन महिन्यांत ते पुसून टाकलंत."

मला वाटलं सून आता ओरडेल. ती नुसती काडीच्या दंडावरचं रबर सोडत बसली, कितीतरी वेळ. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काडी पाळणाघरात गेला. दोन महिने मी घरात रिकाम्या वाट्या घासत बसले. मग एके दिवशी सून आपणहून म्हणाली, "आई, जेवणाच्या वेळी तिथे बसायला हरकत नाही म्हणतात. जाऊन या." तिथल्या बाईंनी दारातच मला समजावलं. "आजी, बसा. पण 'अजून' म्हणायचं नाही, आणि हात मांडीवर."

एवढ्याशा खुर्चीवर गुडघे छातीला लावून मी बसले. काडीने स्वतःच्या हाताने बटाटा खाल्ला. निम्मा नाकाला, निम्मा तोंडात. मग चमचा ठेवून म्हणाला, "पुरे." हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्यापुढे त्याचं तोंड कायम भरलेलं असायचं, म्हणेल कुठून?

ताटलीत दोन फोडी उरल्या होत्या. मी हात मांडीखाली दाबून धरले. काडी खाली उतरला आणि ठोकळ्यांकडे पळाला. पळाला हो, पूर्वीसारखा. सगळ्यांची पाठ आहे असं बघून मी त्या दोन्ही फोडी तोंडात टाकल्या.

"आजी," मागून बाईंचा आवाज आला, "उद्यापासून तुमचीही ताटली लावू का?"

तोंड भरलेलं होतं, त्यामुळे नुसती मान डोलावली.