बिनकुलपाचं दुकान

हमीदभाई पटवेकरी दुकानाला कुलूप लावतात आणि एकदा ओढून बघतात. चार पावलं जातात, माघारी येतात, पुन्हा ओढतात. मंग चहाच्या हॉटेलापर्यंत जाऊन तिथून वळून बघतात, जसं काही यांची पाठ फिरली की कुलूप आपणहून उघडणार आहे. शेवटी माझ्या दुकानापुढं येऊन उभे राहतात.

"बापू, जरा तुम्ही ओढून बघा. माझ्या हाताचा भरोसा न्हाई."

मी उठतो, कुलूप ओढतो आणि म्हणतो, "हाय पक्कं."

तेव्हा कुठं ते घरी जातात.

जाफराबादच्या बाजारात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. माझं दोरखंडाचं, त्यांचं बैलांच्या साजाचं. गोंडे, झुली, घुंगरमाळा. आत चोरण्यासारखं काय, तर रंगीत लोकर आणि पितळी घुंगरं. घुंगरं चोरणारा चोर पेठेतून पळाला तर आंधळासुद्धा त्याला धरील. हे मी त्यांना कैक वेळा सांगितलं. ते म्हणतात, "बराबर हाय. पण ओढा."

एकदा मला ताप आल्ता. मी घरी बाजेवर पडून होतो. दिवस मावळायला हमीदभाई दारात हजर. म्हटलं, बघायला आले असतील. तर म्हणतात, "बापू, कुलूप लावलंय. तुम्ही नुसतं म्हणा."

"इथून कसं म्हणू? मी ओढलं का?"

"म्हणा तर खरं."

मी अंगावरची गोधडी बाजूला न करता म्हणालो, "हाय पक्कं." ते खूश होऊन गेले. आमची मंडळी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. माणूस चक्रम आहे, यात वादच नाही.

मी शाळा तिसरीत सोडली. या लिहिण्यात कुणाला चुका सापडल्या तर त्यांनी त्या आपल्यापाशी ठेवाव्यात. मला सांगायचं आहे ते हमीदभाईंनी कम्प्युटरवर दुकान टाकलं त्याबद्दल. आमच्या पेठेत ते कुणालाच खरं वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. गावोगाव ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले. केदारखेड्याचे एक बागायतदार दर पोळ्याला चार जोड्यांचा साज न्यायचे. त्या साली आले आणि एकच गोंडा मागितला, ट्रॅक्टरच्या आरशाला बांधायला. हमीदभाईंनी तोही मन लावून केला. पण बागायतदार गेल्यावर चार जोड्यांसाठी काढून ठेवलेली लोकर पुन्हा फळीवर ठेवली.

त्यांचा मुलगा युनूस औरंगाबादला कंपनीत. हमीदभाईंची बायको वारून बरीच वर्षं झाली, घरात ते एकटेच. युनूस आला आणि माझ्यासमोरच बोलला, "अब्बा, आता बस झालं. हा पोळा होऊ द्या, दुकान देऊन टाका, माझ्याकडं चला. तिसऱ्या मजल्यावर हवा मस्त येते."

हमीदभाई म्हणाले, "तिथं कुलूप कुणी लावायचं?"

"दाराला लॅच हाय अब्बा. आपोआप बंद होतं."

हमीदभाईंचा चेहराच उतरला.

ही गोष्ट टायपिंगवाल्या शोभाताईंच्या कानावर गेली. त्यांचा टायपिंगचा क्लास होता, मशिनी काढून त्यांनी कम्प्युटर मांडले होते. क्लासच्या दाराला हमीदभाईंची एक घुंगरमाळ टांगलेली. पुण्याहून आलेले पाहुणे तिला हात लावून विचारायचे, कुठं मिळते. युनूस परत जायच्या आधीच शोभाताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "हमीदभाई, बैल नसतील तर नसोत, दारं तर आहेत ना लोकांना? इंटरनेटवर दुकान टाकू."

युनूस हसला. म्हणाला, "ठीक हाय. पोळ्यापर्यंत तिथून एक जरी अनोळखी गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही ऱ्हावा इथंच. पण अनोळखी पाह्यजे." हे म्हणताना तो माझ्याकडं बघत होता. माझा जावई पुण्याला असतो, हे त्याला ठाऊक होतं. मी सुतळीचा तोडा उलगडायला घेतला.

मला काही फरक पडणार नव्हता. हमीदभाई गेले असते तर त्या गाळ्यात मोबाईलवाला आला असता, गाणी तरी वाजली असती. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं, ते पित्तामुळं.

शोभाताईंनी नवशिक्यांसाठी असलेली माहिती इंटरनेटवरून काढून कागदावर छापली. ती मोठ्यानं वाचत त्या एकेक करायच्या. हमीदभाई खुर्चीच्या कडेवर, कुणाच्या मयतीला आल्यासारखे. मी शेजारी. मला बोलावलं नव्हतं, पण दुकान बंद करून मी जात होतो.

"हे दुकान फुकट मिळतं," शोभाताई म्हणाल्या. "ओपन सोर्स म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून बांधलं आणि सगळ्यांना उघडं ठेवलं. कुणीही न्यावं, पाहिजे तसं बदलावं. फक्त जागेचं भाडं वर्षाला भरायचं."

"मालक कोण?"

"एक असा कुणी नाही."

हमीदभाई माझ्याकडं वळले. "बापू, ज्याचा मालक म्हाईत न्हाई, त्या घरात माणसानं ऱ्हावं का?"

मी म्हणालो, "नदीला मालक हाय का? पाणी तर पिताव ना आपण?"

शोभाताई म्हणाल्या, "बरोबर, अगदी तसंच." एवढे कागद छापून त्यांना जे सांगता आलं नाही, ते मी सांगितलं. असो.

दुकान उभं राहिलं त्या दिवशी हमीदभाई अत्तर लावून आल्ते. पडद्यावर बघतात तर आत कॅमेरे, मोबाईल, घड्याळं. एकही गोंडा नाही.

"हा कुणाचा माल?"

"नमुन्याचा आहे. दुकानाबरोबरच येतो, माल कसा मांडायचा ते कळावं म्हणून. आता काढून टाकू."

"थांबा." हमीदभाईंनी त्यांचा हातच धरायचा बाकी ठेवला. "दुसऱ्याचा माल कसा फेकता? कुणीतरी भरोशानं ठेवला असंल. उद्या मागाया आला तर?"

"अहो, नुसती चित्रं आहेत ती."

"चित्रं तर माझ्या गोंड्याचीबी चित्रंच लावणार तुम्ही. मंग ती खोटी का?"

मला हमीदभाईंचं पटलं होतं. दोन दिवस वाद चालला. शेवटी शोभाताईंनी तो माल एका वेगळ्या कप्प्यात घातला आणि वर लिहिलं, 'अमानत, विक्रीसाठी नाही'. तो कप्पा अजून आहे.

मंग दुकानाच्या माथ्यावर लाल पट्टी दिसायला लागली. शोभाताईंनी कागदात बघितलं. दुकान बसवण्यासाठी जे सामान आत आणलं होतं, ते काम झाल्यावर काढून टाकायचं असतं. नाहीतर दुसरा कुणी त्यावरून आत शिरून दुकान पुन्हा आपल्या मनासारखं बसवील.

हमीदभाईंना घाम फुटला. "म्हंजे घर बांधून झालं आन् शिडी बाहेरून लावूनच ठिवली?"

"तसंच समजा."

"कवापासून?"

"कालपासून."

"काल मी जेवलो," हमीदभाई म्हणाले, जसं काही गुन्हाच केला. शिडी काढली, लाल पट्टी गेली, तरी ते घटकाघटकानं विचारत राहिले, "ताई, शिडी न्हाई ना?"

दर गुरुवारी ते दुकानात लोबान जाळतात. त्या गुरुवारी लोबानदाणी घेऊन रस्ता ओलांडून थेट क्लासात. "तेबी दुकान माझंच हाय," म्हणत त्यांनी कम्प्युटरभोवती असा धूर केला की टायपिंगच्या पोरी खोकत बाहेर पळाल्या. शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या, "हमीदभाई, मशीन जळल्याचा वास येतोय की लोबानाचा, तेवढं तरी कळू द्या."

पण खरा घोर वेगळाच होता. पहिल्याच दिवशी दिवस मावळायला ते म्हणाले, "ताई, आता बंद करा."

"हे बंद करायचं नसतं. हे रात्रंदिवस चालू राहतं."

"उघडं टाकून घरी जायचं?"

"हो."

"आन् आत कुणी न्हाई?"

"कुणी नाही."

मी त्यांना चाळीसेक वर्षं बघतोय. इतका भेदरलेला माणूस मी पाहिला नव्हता. शोभाताईंनी शोधून काढलं की दुरुस्तीसाठी दुकान थोडा वेळ झाकता येतं आणि वर पाटी लावता येते. झालं. रोज दिवस मावळला की पाटी, 'दुकान बंद आहे, सकाळी यावे'. दुपारी पाटी, 'मालक जेवायला गेले आहेत'. पेठेत मयत झाली तर पाटी.

आणि पाटी लावली की माझ्याकडं बघून म्हणायचे, "बापू, जरा ओढून बघा."

मंग मी दुसऱ्या कम्प्युटरपुढं बसायचो. शोभाताई हमीदभाईंच्या दुकानाचा पत्ता टाकून द्यायच्या. मी गिऱ्हाईक होऊन आत शिरायला बघायचो, पाटी आडवी यायची. मी म्हणायचो, "हाय पक्कं." तेव्हा ते उठायचे. दोन दुकानांची दोन कुलपं मी ओढत होतो आणि माझ्या दोराला गिऱ्हाईक थांबून राहायचं.

पोळा जवळ आला. ऑर्डर काही येईना. हमीदभाई सकाळी पहिल्यांदा क्लासात जायचे, आणि परत आले की मी चेहऱ्याकडं न बघता विचारायचो, "चहा घेता का?" तेही चहाचंच उत्तर द्यायचे. माझं पित्त वाढलं. मंडळीनं लिंबूपाणी दिलं, काही उपयोग झाला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शोभाताईंनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. "कोण कधी दुकानात आलं याची इथं नोंद होते. हे बघा. दिवसा फारसं कुणी येत नाही. लोक कामं आटपून, जेवून खाऊन बसतात, मग येतात. येतात, तुमची पाटी वाचतात आणि माघारी जातात."

हमीदभाई पडद्याकडं बघत राहिले. "एवढी माणसं आल्ती?"

"रोज येतात."

"आन् मी दार लावून घेतलं."

मला म्हणायचं होतं, आज पाटी लावू नका. पण म्हणालो नाही. उद्या काही वंगाळ झालं तर माझ्यावर आलं असतं. आणि दुसऱ्याच्या दुकानात आपण बोलू नये.

दिवस मावळला. शोभाताईंनी पाटी लावायला हात पुढं केला. हमीदभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आज."

बाहेर आलो. त्यांनी पेठेतल्या दुकानाला कुलूप लावलं. ओढलं. पुन्हा ओढलं. मी ओढलं आणि म्हणालो, "हाय पक्कं."

ते हलले नाहीत. "ते दुसरं उघडंच हाय, बापू."

"हाय उघडं."

"त्याला ओढायला काही न्हाई."

"न्हाई."

ते एकटेच निघाले. हॉटेलापाशी वळून बघायचे, ते त्या दिवशी वळले नाहीत. मला ते बरं वाटलं नाही.

सकाळी मी नेहमीपेक्षा जल्दी दुकान उघडलं, पोळ्याची गर्दी असते म्हणून. पोळ्याला दोराची गर्दी सकाळी नसते, हे मला ठाऊक आहे. हमीदभाई क्लासातून आले. चेहरा अजून घाबरलेलाच.

"बापू, आलीया."

"काय?"

"ऑर्डर. नागपूरच्या एक बाई. एक घुंगरमाळ, दाराला बांधायला. खाली लिव्हलंय, आवाज नीट येतो ना?"

"अनोळखी?"

"बिलकुल अनोळखी."

मी उभा राहिलो होतो, तो खाली बसलो. हमीदभाईंनी सगळ्या माळा काढल्या. एकेक माझ्या कानापाशी वाजवायचे. "ही? का ही? दार लोटल्यावर आतल्या खोलीत ऐकू जाईल ना?" पोळ्याचे बैल वाजत गाजत पेठेतून चालले होते आणि हा माणूस त्यांच्याच गोंगाटात मला विचारत होता, आवाज येतो का. मी एका माळेला हो म्हणालो. बहुतेक ती बरी होती.

दुपारी युनूस आला, पडद्यावरचं नाव-गाव त्यानं दोनदा वाचलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "चाचा, नागपूरला तुमचं कुणी?"

"माझी सोयरीक नागपूरला कशी जाईल?" मी म्हणालो. तो हसला. अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

हमीदभाई एसटी दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर उभे होते. परत आले, दुकान बंद केलं, कुलूप दोनदा ओढलं, आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"बापू, जरा ओढा."

मी ओढलं. "हाय पक्कं," म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ती तापातली संध्याकाळ आठवली. बाजेवर पडल्या पडल्या मी काहीतरी म्हणावं म्हणून दारात उभे राहिलेले हमीदभाई. मी म्हटलं की ते घरी जायचे. आणि त्या घरात सकाळपर्यंत दुसरं कुणी काही म्हणणारं नव्हतं.

मी म्हणालो, "हाय पक्कं."

ते वळले.

"पुरणपोळ्या जास्तीच्या झाल्यात," मी म्हणालो. "वाया जातील. चला."

"आज कशाला, बापू?"

"वाया जातील म्हणतोय ना."

ते एकदा कुलपाकडं बघून माझ्याबरोबर निघाले. हॉटेलापाशी थांबले. मला वाटलं, आता वळून बघणार.

"बापू, तुमच्या कुलपाचं काय? तुम्ही कधी ओढून बघत न्हाई."

"माझं पक्कंच असतंय."

ते माघारी गेले, माझं कुलूप ओढलं, आणि तिथूनच भर पेठेत ओरडून मला सांगितलं, "हाय पक्कं."