पुंजाजींची छागळ

पंगतीत पाणी वाढणारा जवळ आला की पुंजाजी पेल्यावर तळहात ठेवायचे. दुसऱ्या हाताने मांडीवरची छागळ थोपटायचे आणि सांगायचे, "आपलं आपल्यापाशी हाय, बापा. तू पुढं सरक." पंगत व्याह्याची असो, पाटलाची असो, नाहीतर खुद्द पुंजाजींच्या सख्ख्या भावाची. पोळी त्याची, वरण त्याचं, वांग्याची भाजी त्याची, पण पाणी मात्र पुंजाजींच्या स्वतःच्या विहिरीचं. भावाची विहीर यांच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. "अहो, जमिनीखाली दोन्हींचा झरा एकच नसेल कशावरून?" असं मी एकदा विचारलं, तर माणूस आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मी शिंपी. वाशीमच्या बाजारात माझं दुकान होतं. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना ते खुपायचं, पण त्यांचे सदरे माझ्याकडेच शिवायला असायचे, त्यामुळे बिचारे गप्प बसायचे. पुंजाजींची छागळसुद्धा मीच शिवलेली. जाड कॅनव्हासची पिशवी, दुहेरी शिवणीची. पाणी भरलं की अंगभर पाझरून गार व्हायची, पण थेंब म्हणून टपकायची नाही. हे मी माझी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो. वाशीमात दुसऱ्या कोणाला जमत होतं, सांगा!

पुंजाजींचा मळा गावाबाहेर होता. वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मोटेचे दोन बैल, बायको बायजाबाई आणि ती विहीर, एवढा त्यांचा संसार. सकाळी माळवं विकून झालं की माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. छागळ दाराच्या खुंटीला वाऱ्यावर टांगायचे आणि आल्यागेल्याला जगातल्या पाण्याची हकीकत ऐकवायचे.

"शिरपूरचं पानी कसं हाय, पुंजाजी?"

"रुसेल हाय."

"आन् मेडशीचं?"

"आयशी. पोटात जाऊन झोपून राह्यते."

"कचेरीतलं?"

"थे खोटं बोलते. पेल्यावर तहान गेली म्हन्ते, आन् जात नाई."

हे सगळं न पिता! एवढ्या पाण्यांत 'गोड' हा शब्द त्यांनी फक्त आपल्या विहिरीसाठी राखून ठेवला होता. आणि माणूस चिक्कू म्हणावा तर तेही नाही. स्वतः दुसऱ्याचं पाणी प्यायचे नाहीत, पण आपलं पाणी दुसऱ्याला पाजायचा त्यांना भारी सोस. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला थांबवून प्यायला लावायचे, आणि तो तोंड पुसतोय तोच त्याच्या तोंडाकडे डोळे लावून विचारायचे, "कसं हाय?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण कौसल्याचं लग्न झालं आणि त्यात हसण्यासारखं राहिलं नाही.

कौसल्या ही त्यांची एकुलती एक लेक. कौसी म्हणायचे तिला. जावई दिगांबर रेल्वेत सांधेवाला. त्याची बदली झाली ती पार तिकडे समुद्रकाठी, डहाणूच्याही वर, गुजरात लागायच्या जरा अलीकडे. आता आमच्याकडे रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. बाकीचे बाप ही रीत जरा वाकवून घेतात. पाणी नको म्हणतात आणि दोन कप चहा पितात. पण पुंजाजी चहालाही पाणीच म्हणायचे! त्यामुळे लेकीच्या घरी जाणंच त्यांनी बंद केलं. वर्षामागून वर्ष गेलं. कौसीला मूल काही झालं नाही आणि बाप काही गेला नाही.

मग एका दिवाळीला सासरी परत जाताना, वाशीमच्या ठेसनावर, गाडी उभी असताना, माझ्यादेखत कौसी म्हणाली, "बाबा, तुमी माह्या घरचं पानी पेसान, तवाच मी आता वाशीमले येईन. नाई तं नाई." रडली नाही, भांडली नाही. खिडकीशी बसली आणि गाडी सुटली. त्या वेळी पुंजाजींच्या हातात छागळ होती. लेकीला वाटेत प्यायला म्हणून आणलेली, आणि ती द्यायची राहूनच गेली.

संक्रांतीला कौसी आली नाही. माघ निम्मा सरला. डोंगरात पळस फुलायला लागला, तसे एक दिवस पुंजाजी दुकानात येऊन म्हणाले, "मास्तर, दोन छागया शिव. मोठ्या. मले समुद्र पाह्याचा हाय."

"समुद्र?"

"लोक म्हन्तेत का लय पानी हाय तिथं. पाह्याले पायजे."

माळव्याच्या टोपल्या उचलत बायजाबाई मागूनच बोलल्या, "समुद्र पाहाले चालले म्हने! पोरगी पाहाले चाललो म्हना ना, जीभ झडते का?"

पुंजाजींनी ऐकलंच नाही असं केलं. मी विचारलं, "पण मग कौसीच्या घरचं पाणी पिणार ना?"

"घरी जातो म्हन्लं. पानी पेतो म्हन्लं का?"

वकील व्हायचा माणूस वांगी पिकवत बसला, दुसरं काय! वाटेत पाट्या वाचायला कोणीतरी हवं म्हणून मलाही सोबत घेतलं. वाशीमहून अकोला, अकोल्याहून जळगाव, तिथून सुरत, आणि सुरतेहून पुन्हा खाली. चार गाड्या बदलायच्या आणि प्रत्येक गाडीत या दोन भरल्या छागळी मांडीवर. जळगावच्या पुढे एका मारवाडी म्हातारीने पाणी मागितलं. झालं! अख्खा डबाच्या डबा पाणी प्यायला आणि पुंजाजी प्रत्येकाला "कसं हाय?" विचारत फिरले. लोक बिचारे गोड आहे म्हणाले. फुकटचं पाणी, कडू कोण म्हणणार? सुरत यायच्या आत एक छागळ चिपाडासारखी झाली, पण पुंजाजींची छाती मात्र भरून आली होती.

उजाडता उजाडता आम्ही उतरलो. दिगांबर कामावर होता. कौसी दारात उभीच होती. बापाला पाहून तिचा चेहरा असा फुलला की प्रवासाचा सगळा शीण गेला. तिने पायावर पाणी घातलं, ते चाललं. पाय काही पीत नाहीत. मग तिने आतून पितळी गिलास आणला, वर झाकणी ठेवलेला, आणि बापासमोर ठेवला. पुंजाजींनी खांद्यावरची छागळ काढली, तोंडाला लावली, घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "आता समुद्र पाहून येतो."

गिलास तिथेच राहिला. कौसीने मला दुसरा दिला तो मी प्यायलो, आणि खरं सांगतो, घोट तोंडातच अडकला. समुद्राकाठची विहीर ती. पाणी असं मचूळ की कोणी मिठाच्या हाताने ढवळलं असावं. कौसी माझ्याकडे पाहत होती म्हणून गिळलं.

सुरूच्या झाडांतून आम्ही किनाऱ्यावर आलो. गार वारा सुटलेला, आकाश धुतल्यासारखं. आणि समुद्र? समुद्र नव्हताच! नजर जाईल तिकडे ओली वाळू, चिखल, डबकी. मधेच एक होडी कुशीवर कलंडून पडलेली. पुंजाजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, मग कपाळाला हात लावला.

"आटला रे, मास्तर. आपल्याले उशीर झाला."

मी तरी समुद्र कुठे पाहिला होता? मलाही पटलं.

"फागुन लागाले आला," ते म्हणाले, "आपल्या इहिरीले बी आता तळ दिसाले लागते. अखाडात याले पायजे व्हतं. पर एक बरं हाय. दिगांबरले सांगू का सायबाले म्हना, आत्ताच गाळ काढून घ्या. पाऊस लागल्यावर जमत नाई."

एवढं बोलून त्यांनी छागळ त्या होडीच्या दांड्याला वाऱ्यावर टांगली, धोतर खोचलं आणि तळाशी झरा कुठे उरलाय ते पाहायला निघाले. मी मागे. कितीतरी आत गेल्यावर एकदाचं पाणी लागलं. पुंजाजींनी ओंजळ भरली, पहिल्यांदा दुसऱ्याचं पाणी जिभेला लावलं आणि थू थू करत माझ्या सदऱ्यावर थुंकले.

"सैपाक बिघडला याचा!"

तेवढ्यात माझ्या घोट्याला गार लागलं. पाहतो तर मघाशी कोरडी असलेली वाळू ओली झालेली. "पुंजाजी, पाणी मागून येऊन राह्यलं!" मी ओरडलो. मग जे आम्ही पळालो! त्यांचं धोतर त्यांच्या पायात, माझी वहाण चिखलात. काठावर पोचून वळून पाहतो तर समुद्र हजर, आणि ती आजारी होडी टुणटुणीत होऊन पाण्यावर डोलत चाललेली. आत दोन कोळी, आणि दांड्याला आमची छागळ!

"ए बापा! माही छागय! वापस आन!"

वाऱ्यात कोण ऐकतो? काठावर मासळी सुकवणारी एक कोळीण पोट धरून हसत होती. म्हणाली, "बाबा, जाळी काढून येतील ती भरती उतरायच्या आत. बसा इथं."

"आन् हा समुद्र? आटला व्हता ना?"

"जेवायला गेला होता," ती म्हणाली.

पुंजाजी वाळूत बसले. ऊन वर आलं. खारा वारा, आणि जिभेवर मघाचं मीठ. त्यांचे ओठ पांढरे पडायला लागले. कोळणीने माठातलं पाणी आणलं, यांनी तळहात आडवा धरला. मी शहाळं आणलं. "कोनाच्या झाडाचं?" म्हणाले, आणि ते मलाच प्यावं लागलं. "घरी चला, कौसी वाट पाहत असेल," म्हटलं तर हलेनात. मला राग आला. म्हटलं, "एवढा कसला हो हट्ट? नातू नाही झाला यात त्या पोरीचा काय गुन्हा? रीत, रीत! मेली ती रीत!"

पुंजाजी समुद्राकडे बघतच बोलले, "रीतीचं नाई, मास्तर. मले भेव वाटते. मी पानी पेलो तं देवाले वाटीन, का यानं नातवाची आस सोडली. मंग थो कायले देईन?"

मी हातातलं रिकामं शहाळं वाळूत ठेवलं.

"सकायी तिनं गिलास ठेवला," ते पुढे म्हणाले, "त्याच्यावर झाकनी व्हती. तू पाह्यलं का? कचरा पडू नाई म्हनून. मी अर्धा दिस बिनापान्याचा बसलो तं माहा जीव चालला. थे माही पोरगी, लगन झाल्यापासून बसली हाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा होडी आली. छागळीला मासळीचा असा वास, की मला माझ्याच शिवणीची ओळख पटेना. कोळी हसत म्हणाला, "बाबा, आम्ही प्यालो हं जरा. काय गोड पाणी तुझं!" एरवी पुंजाजींनी त्याला मिठी मारली असती. आज नुसती मान डोलावली. त्यांनी छागळ उघडली, तोंडापाशी नेली, मी त्यांचा कोरडा गळा वरखाली होताना पाहिला. आणि त्यांनी बूच परत घट्ट लावलं.

"चाल," म्हणाले.

कौसी उंबऱ्यावर बसली होती. गिलास सकाळच्याच जागी, झाकणीसकट. पुंजाजी तिच्यासमोर खाली बसले. छागळ तिच्या हातात दिली.

"हे तू पे, बाई. तुह्या इहिरीचं हाय. ठेसनावर द्याचं राह्यलं व्हतं."

आणि गिलास त्यांनी उचलला. कौसीने छागळ तोंडाला लावली. तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी ओघळत होतं आणि त्यात डोळ्यांचं किती ते सांगता येत नव्हतं. मासळीचा वास तिला आलाच नाही. पुंजाजींनी डोळे मिटून गिलास रिकामा केला आणि पुढे केला.

"अखीन दे."

दुसरा गिलासही संपला. कौसी तोंड पुसत त्यांच्याकडे पाहत राहिली. अगदी बापासारखी.

"कसं हाय, बाबा?"

या माणसाने जन्मात कोणाच्या पाण्याची भीड ठेवली नव्हती.

"गोड हाय वं," पुंजाजी म्हणाले.

आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, कौसी माहेरी आली. मूल नव्हतंच अजून. तिच्यासाठी पुंजाजींनी मळ्यातल्या लिंबाला झोका बांधला आणि माळवं विकायला बायजाबाईंना एकटंच पाठवलं.

खोड मात्र गेली नाही. पंगतीत पेल्यावर तळहात अजून तसाच. पण आता पाण्याची हकीकत सांगताना शेवटी म्हणायचे, "गोड पानी दोनच इहिरीचं. एक माही, आन् एक माह्या पोरीची, समुद्राकाठची." लोक हसायचे. म्हणायचे, समुद्राकाठी कुठलं गोड पाणी, पुंजाजी, उगं फेकू नका. तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवायचे.

"माहं खरं वाटत नसन तं मास्तरले इचारा. त्यानं बी पेल्लं हाय."

मी मशीन थांबवायचो. सदरा उद्या देतो, यापलीकडे मी आयुष्यात कोणाशी खोटं बोललो नव्हतो.

"हो," मी म्हणायचो, "गोड आहे. मी स्वतः प्यालोय."