भिंतीवरची मोकळी जागा

मन्मथआप्पांना कुणी काहीही सांगितलं की ते दोनच गोष्टी म्हणायचे. आधी, "कोण बोललं?" आणि मग, "करून दाखव." एकदा माझे सासरे त्यांना म्हणाले, "आप्पा, औंदा पाऊस बरा हाय म्हणतेत." आप्पा लगेच, "कोण बोललं?" सासरे म्हणाले, "लोक." "मग लोकांला म्हणावं, पाडून दाखवा." सासरे गेले तसेच परत आले.

आप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. पोटी मूल नव्हतं. पण त्यांचा जीव दुकानात नव्हता, समोरच्या इंजिनघरात होता. इंजिनघर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. गावच्या विहिरीवर पंचायतीनं डिझेलचं इंजिन बसवलं होतं. ते पाणी टाकीत चढवायचं आणि टाकीच्या तोट्यांवर आम्ही बाया भरायचो. इंजिन सगळ्या गावाचं, म्हणजे कुणाचंच नाही. ज्याला पाणी पाहिजे त्यानं सुरू करावं. बिघडलं की पाथरीहून मिस्त्री यायचा, तो त्याच्या सवडीनं. तोवर घागरी रिकाम्या.

म्हणून आप्पांनी इंजिनघराची आतली भिंत चुन्यानं पांढरी केली आणि इंजिन कसं चालवायचं ते तिच्यावर गेरूनं लिहायला घेतलं. स्वतःच्या मनाची एकही ओळ लिहिली नाही. ज्याला जे कळलं ते त्यानं येऊन सांगायचं. जमलं तर ते भिंतीवर, आणि ओळीच्या शेवटी सांगणाऱ्याचं नाव. नावावाचून ओळ नाही. "उद्या चूक निघाली तर भांडायला माणूस पायजे का न्हाई?" असं म्हणायचे.

सांगणाऱ्यानं करून दाखवलं तरी भागायचं नाही. ज्यानं इंजिनाला कधी हात लावला नाही, त्याला नुसतं वाचून ते जमलं पाहिजे. असा कोरा माणूस दिसला की आप्पा त्याला धरून आणायचे. एकदा देवगाव फाट्याकडचा एक नवा जावई कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून एसटीची वाट बघत उभा होता. "जावईबापू, वाचता येतं न्हवं? या इकडं." जावयानं भिंतीवरचं वाचत हँडल फिरवलं आणि इंजिनानं उलटा झटका दिला. अंगठा सुजला, पँट काळी झाली, एसटी गेली ती वेगळीच. सगळे त्याला हळद लावत होते आणि आप्पा त्याच्यापुढं उकिडवे बसून विचारत होते, "अंगठा कुठं व्हता? बोटांच्या बाजूनं का पलीकडून?" त्या दिवशी ओळ आली, 'हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा.' पुढं जावयाचं नाव, मानानं 'राव' लावून. पुढच्या सणाला तो आला तेव्हा बायकोला घेऊन आधी ते नाव दाखवायला गेला.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं, सुरू करायच्या आधी नारळ फोडावा. आप्पा नाही म्हणाले नाहीत. "फोडा." फोडला. इंजिन ढिम्म. आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा चावत सांगितलं, "नारळ लय गोड हाय वहिनी, पण भिंतीवर न्हाई येत."

ज्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली, त्या साली गावातली तोंडं बदलली. भिंतीवर एक ओळ होती, 'डिझेल संपून इंजिन बंद पडल्यास नळीतली हवा काढावी.' पुढं नाव होतं किसन. किसन ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला, परभणीला गॅरेजात काम केलेला. चार जण दुकानात आले. "आप्पा, ते नाव तेवढं पुसा."

आप्पांनी फडकं ओलं केलं. "पुसतो. पर ओळ बी पुसावी लागंल. बिननावाची ओळ ठेवत न्हाई मी. उद्या हवा धरली तर तुमीच काढा."

चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तंबाखू घेऊन गेले. नाव राहिलं. किसनच्या वस्तीतल्या बाया मात्र पुढंही पुष्कळ दिवस तोटीपासून बाजूला उभ्या राहायच्या, आमचं झाल्यावर भरायच्या. भिंतीवर लिहिल्यानं सगळंच होत नाही.

आता माझ्या ओळीचं सांगते.

उन्हाळ्यात इंजिनाला जोडलेला पंप सकाळी पाणी धरायचा नाही. आम्ही बायांनी विहिरीतून बादल्या शेंदायच्या आणि पंपाच्या तोंडात ओतायच्या, तेव्हा कुठं तो ओढायला लागायचा. माझी पाठ त्यातच गेली. पण एखाद्या सकाळी बादली न ओतताही पाणी चढायचं. असं का, ते कुणाला कळत नव्हतं. मी भिंतीपलीकडं भाकरी करायची, तिथं सगळं ऐकू यायचं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आदल्या दिवशी इंजिन थांबायच्या आधी टाकीकडं जाणाऱ्या पाइपाच्या कॉकची, म्हणजे चावीची, किरकिर ऐकली असेल, तर दुसऱ्या सकाळी बादल्या लागत नाहीत. तांब्या पाण्यात बुडवून उपडा केला आणि तोंड पाण्याबाहेर न काढता वर उचलला तर पाणी आतच राहतं, तसंच ते असावं.

मी हे आप्पांच्या मालकिणीला, काकूंना सांगितलं. आप्पांशी मी कधी बोलले नव्हते. काकूंकडून ऐकून आप्पांनी करून बघितलं, जमलं. परीक्षेला एक कल्हईवाला सापडला, त्यालाही जमलं. मग काकू आमच्याकडं आल्या. "नाव विचारायलेत."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंचं नाव आता गावाच्या भिंतीवर लावता का?" मीही मान हलवून नको म्हटलं.

आप्पांनी हात आखडला. नाव नाही तर ओळ नाही. इंजिन बंद करणाऱ्यांना कॉकचं ठाऊक नव्हतं, म्हणून इकडं आम्ही बादल्या ओढतच होतो. शेवटी काकूंचा आवाज गल्लीभर गेला, "लिवा की वो! बायांच्या कमरा मोडायल्यात आन् तुमी नाव-नाव करायलात!"

दुसऱ्या दिवशी ओळ आली, 'इंजिन बंद करण्याआधी कॉक बंद करावा.' पुढं वीतभर जागा कोरी. दर दिवाळीला आप्पा सगळी भिंत पुन्हा लिहायचे, ती वीतभर जागा तशीच सोडून. कुणी तिथं कोळशानं आपलं नाव घातलं तर चुना घेऊन पुसायचे. "ही जागा मोकळी न्हाई."

पुढं काकू गेल्या. मग विजेची मोटर आली. बटन दाबलं की पाणी. इंजिन भंगारात गेलं, त्याचा सिमेंटचा ओटा तेवढा राहिला. आप्पांकडं कुणी काही सांगायला जाईना, भांडायलाही जाईना. दुकानात ते मापं पुसत बसायचे.

तरी दिवाळी आली की गेरू भिजायचाच. एका दिवाळीत मी चकल्या पाडत होते आणि भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज आला. एक ओळ वाचायचे, स्वतःलाच विचारायचे, "कोण बोललं?" आणि स्वतःच नाव सांगायचे. जावयाचं सांगितलं. किसनचं सांगितलं. मग कॉकची ओळ वाचली, "कोण बोललं?" विचारलं आणि गप्प झाले.

मी हात धुतले, पदर सारखा केला आणि इंजिनघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आप्पा, एक ओळ अर्धी हाय."

ते दचकून वळले. "कोणती?"

"कॉकची. आदुगर इंजिन हळू करावं, मग कॉक बंद, मग इंजिन."

सवयीनं ते बोलून गेले, "करून दाखव."

दोघांनीही ओट्याकडं बघितलं. ओट्यावर काही नव्हतं. आप्पांनी मान खाली घातली.

मी ओट्याशी गेले, वाकले आणि नसलेलं हँडल धरलं.

"अंगठा!" आप्पा ओरडले.

मी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला. हँडल फिरवलं. इंजिन थोडं चालू दिलं, मग हळू केलं, दोन्ही हातांनी कॉक आवळला आणि इंजिन बंद केलं. आप्पा मान कलती करून ऐकत होते.

"धरलं पाणी," ते म्हणाले.

त्यांनी कुंचला गेरूत बुडवला, कोऱ्या जागेपुढं जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडं पाठ करूनच विचारलं, "कोण बोललं?"

"अनुसया."

"मोठ्यानं बोल माय. कमी ऐकू यायलंय."

मी मोठ्यानं सांगितलं. त्या रिकाम्या घरात इंजिन गेल्यापासून एवढा आवाज झाला नव्हता.