सुरकुतलेला विषदंत

कवठे महांकाळच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्रिशला मॅडमनी नागाचा मेणाचा विषदंत केला होता. हातभर लांब, बाकदार, आरशासारखा गुळगुळीत. म्हसवडच्या विज्ञान प्रदर्शनात यंदाही नाथाजी सरच परीक्षक होते. गेल्या वर्षी त्यांनी मॅडमचे तक्ते बघून "भिंत छान झाकलीय" एवढंच म्हटलं होतं. ते मॅडमच्या जिव्हारी लागलं होतं.

शेजारचे आकारामकाका, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, स्वतःची जीप घेऊन आले. दात मागच्या सीटवर उभा करून त्यांनी बुडापासून टोकापर्यंत नायलॉनची दोरी आवळली.

"काका, जरा सैल सोडा की."

"आमी बांधलेलं आजवर हाललं न्हाई, मॅडम."

दिघंचीला दोघं चहाला थांबले. जीप उन्हातच राहिली. परत आल्यावर काकांनी आत डोकं घातलं, ते लवकर बाहेर काढलं नाही.

"काय झालं?"

"तसं काय न्हाई. दात जरा म्हातारा झालाय."

मेण मऊ होऊन दात खाली बसला होता. बुडाशी घड्याच घड्या पडल्या होत्या आणि दोरी रुतून वरपासून खालपर्यंत खोल चर पडला होता. मॅडम रडायच्या बेताला आल्या. तेवढ्यात काकांनी हॉटेलातून गार पाण्याची कळशी आणून दातावर ओतली.

"आता पक्का झाला," ते समाधानानं म्हणाले. सुरकुत्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या.

पुढच्या वाटेवर मॅडम दात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बघता बघता त्यांचं बोट चरावरून फिरू लागलं. म्हसवड आलं तशा त्या म्हणाल्या, "काका, लाल सरबताची बाटली आणा."

नाथाजी सर टेबलापाशी आले. "दात म्हणायचा का वाळकं गाजर?"

"मधला दात म्हणा, सर. साध्या दाताचा विषदंत होतानाचा. सापांच्या दातांना बुडाशी अशा घड्या असतात, बिनविषारी सापांच्यासुद्धा. दात जबड्यात घट्ट बसायला त्यांचा उपयोग होत असावा. जिथं विषाची ग्रंथी जवळ होती, तिथं एखादी घडी लांबली की विष तिच्यातून उतरायचं. अशा सापाला शिकार सोपी, म्हणून त्याची पिल्लं जास्त जगायची. पिढ्यान्‌पिढ्या चर खोल होत गेला. पुढं कडा जुळल्या आणि नळी झाली. नागांत स्वतंत्रपणे, घोणसांत स्वतंत्रपणे."

"बोलायला सोपं आहे. चरातून खरंच उतरतं का?" सर दातावर वाकले.

मॅडमनी दाताचं टोक खाली कलतं करून बुडाशी सरबत ओतलं. लाल धार चरातून सरळ टोकाला आली आणि सरांच्या पांढऱ्या शर्टावर पडली. काकांनी नकळत सावधानची पोझ घेतली.

सरांनी डागाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "उतरतं."

बक्षीस समारंभात त्यांनी त्याच शर्टावर पहिलं बक्षीस मॅडमच्या हाती दिलं. कुणीतरी दुसरा शर्ट आणून दिला, तर त्यांनी तो परत पाठवला. संध्याकाळपर्यंत मॅडमच्या टेबलापुढं रांग मांडवाबाहेर गेली होती. सगळ्यांना त्या दाताकडून चावून घेऊन अंगावर लाल डाग पाडून घ्यायचा होता, आणि रांग लावायला नाथाजी सर स्वतः उभे होते.