सगळ्यात मोठा स्टोव्ह

"बाबा, नवा स्टोव्ह तुम्हीच निवडा," प्रणव म्हणाला, आणि सूर्यकांतरावांनी चहाचा कप इतक्या तोऱ्यात खाली ठेवला, की अर्धा चहा बशीत आला.

तोरा उगाच नव्हता. मुलाकडे कॅनडात एडमंटनला येऊन त्यांना दोन हिवाळे झाले होते आणि या दोन हिवाळ्यांत त्यांना घरात कुणी काडीचंही विचारलं नव्हतं. उलट सगळे त्यांनाच शिकवत होते. बर्फावर पाऊल कसं टाकायचं ते सुनेनं शिकवलं, बर्फ उपसायचं शोव्हल कसं धरायचं ते शेजारच्या गॉर्डननं, आणि टोपी कानांखाली ओढायची असते हे नातीनं. ज्या माणसानं उभी हयात नागपूरजवळच्या वीजकेंद्रात बॉयलर पेटते ठेवले, ज्याच्या एका हाकेसरशी अख्खी पाळी धावत यायची, त्यानं इथं कचऱ्याचा डबासुद्धा विचारून बाहेर ठेवायचा! आता मात्र दैव पावलं होतं. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमध्ये बसवलेल्या लाकडं जाळायच्या जुन्या स्टोव्हला तडा गेला होता, विमा कंपनीनं तो बदलायला सांगितला होता, आणि प्रणवला ऑफिसच्या कामातून मान वर करायला सवड नव्हती.

"आगीचंच काम आहे न? मग सोड माझ्यावर," सूर्यकांतराव म्हणाले. "जिंदगीभर तेच तं केलं मी."

"बाबा, फक्त साइझ नीट बघा हं," सून रुचा म्हणाली. "आपली लिव्हिंग रूम काही फार मोठी नाहीये."

रुचा पुण्याची. पुण्याच्या माणसानं नागपूरकराला उष्णतेबद्दल सांगावं, याचं सूर्यकांतरावांना मनातून हसूच आलं.

शनिवारी रुचानं सासू-सासऱ्यांना दुकानापाशी सोडलं आणि ती लेकीला, अनन्याला, पोहायच्या क्लासला घेऊन गेली. दुकानात लहान, मधले, मोठे असे स्टोव्ह ओळीनं मांडलेले होते. टायलर नावाच्या विक्रेत्यानं खोलीचं माप विचारलं आणि एका छोट्याशा स्टोव्हवर थाप मारून सांगितलं, की तुम्हाला हा अगदी योग्य. सूर्यकांतरावांनी त्याचं दार उघडलं, आत हात घातला, विटा ठोकून पाहिल्या आणि ते कंबर धरून उठले.

"यात तं भरताचं वांगं बी धड भाजणार नाही," ते बायकोला म्हणाले.

"अहो, तो रोज हेच करतो. त्याला कळत असेल ना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तो विकणारा आहे. मी जाळणारा आहे."

आणि त्यांनी बोट केलं ते कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या, काळ्याभोर स्टोव्हकडे. टायलर बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, या स्टोव्हनं तुमच्या खोलीत तुम्ही भाजून निघाल. बरं, कमी जाळून भागवू म्हणाल तर तेही नाही. मोठ्या स्टोव्हमध्ये आग धुमसत ठेवली की चिमणीत डांबर साचतं, म्हणून हा जाळायचा तर चांगला धगधगीतच. या शेवटच्या मुद्द्यावर सूर्यकांतरावांनी मनापासून मान डोलावली. धुरकट आग त्यांनी आयुष्यात खपवून घेतली नव्हती. भाजून निघण्याच्या मुद्द्यावर मात्र त्यांनी टायलरच्या खांद्यावर हात ठेवला.

"माय फ्रेंड, आय ॲम फ्रॉम नागपूर. मे मंथ, फॉर्टी सेव्हन डिग्री. इन शेड!"

टायलरनं आ वासला. प्रमिलाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण नवऱ्याचा फुललेला चेहरा पाहून त्यांनी तोंड मिटून घेतलं.

स्टोव्ह आला, बसला, तपासून झाला. प्रमिलाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बाहेर उणे तीस होतं. सूर्यकांतरावांनी बर्चची लाकडं शास्त्रशुद्ध रचली, काडी लावली आणि आग अशी काही सुरेख पेटली, की घर टाळ्या वाजवायला लागलं. "वॉव, बाबा!" प्रणव म्हणाला. रुचासुद्धा म्हणाली, "मस्तच हो." सूर्यकांतरावांची छाती भरून आली. दोन हिवाळ्यांनी प्रथमच त्यांना आपण या घरातले कर्ते पुरुष आहोत असं वाटलं.

हे सुख फार टिकलं नाही. जेवणं होईतो प्रणवनं स्वेटर काढला. मग रुचानं मोजे काढले. मग अनन्या उन्हाळ्यातला फ्रॉक शोधून घालून आली. देवघरातली मेणबत्ती कमरेत वाकली. टेबलावरच्या चॉकलेटांची एकजीव वडी झाली. प्रमिलाबाईंनी विरजण लावलं होतं, ते पानं वाढेपर्यंत लागलं आणि आवराआवर होईपर्यंत आंबट झालं. या सगळ्यात सूर्यकांतराव तेवढे हातविणीचा स्वेटर आणि कानटोपी घालून स्टोव्हसमोर ताठ बसले होते. स्वेटर काढणं म्हणजे टायलरचं खरं करणं, आणि ते शक्य नव्हतं.

"बाबा, तुम्हाला गरम नाही होत?" रुचानं विचारलं.

"कुठं? छान ऊब आहे. ही काय गर्मी हाय का बाप्पा? आमच्या इकडं हिला गुलाबी थंडी म्हणतेत."

"आजोबा, यू आर स्वेटिंग!" अनन्या ओरडली.

"घाम नाही बेटा, तब्येत आहे ती."

शेवटी रुचानं उठून दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. आतली गरम हवा बाहेरच्या उणे तिसात शिरली आणि खिडक्यांतून पांढऱ्या वाफेचे लोटच्या लोट निघाले. समोर गॉर्डन गाडीवरचा बर्फ झाडत होता. त्याला वाटलं, घर पेटलं. तो आग विझवायचं सिलिंडर काखेत मारून, बर्फात दोनदा घसरून धापा टाकत दारात आला, तर दारात कानटोपीवाले सूर्यकांतराव उभे, घामानं निथळत.

"नो फायर, नो फायर," ते म्हणाले. "ओन्ली फ्रेश एअर."

गॉर्डननं आत डोकावून पाहिलं. उघड्या खिडक्या, भडकलेला स्टोव्ह आणि बनियनवर बसलेला प्रणव. तो मान हलवत परत गेला, आणि ती हललेली मान सूर्यकांतरावांना जिव्हारी लागली.

दुसऱ्या दिवशी प्रणवनं दुकानात फोन लावला. टायलर येत्या शनिवारी मोठा नेऊन लहान बसवून द्यायला तयार झाला. "बाबा, नो बिग डील. मिस्टेक होते कधीकधी," प्रणव प्रेमानं म्हणाला. त्या प्रेमानंच सूर्यकांतराव खचले. हा स्टोव्ह परत गेला की आपण पुन्हा टोपी ओढायला शिकणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"शनिवारला अजून वेळ आहे," ते म्हणाले, आणि बेसमेंटमध्ये उतरले.

दोन दिवस बेसमेंटमधून ठोकाठोक ऐकू येत होती. मागच्या अंगणातल्या कारंज्याचा हिवाळ्यासाठी काढून ठेवलेला पंप, एक चौकोनी पंखा, प्लॅस्टिकचा मोठा खोका, जाळी, आणि पाळीव सशांखाली अंथरतात तो लाकडाचा तासलेला कीस, एवढ्या सामानानिशी सूर्यकांतराव वर आले. वस्तू त्यांनी स्टोव्हच्या समोरच्या भिंतीला लावली आणि बटण दाबलं. घर्रर्र आवाज झाला, कीस भिजला, आणि ओल्या लाकडाच्या वासाची गारेगार झुळूक दिवाणखाना ओलांडून आली.

प्रणव ताडकन उठला. "बाबा! हा... हा कूलर आहे?"

"मग काय! नागपूरचा माणूस गर्मीले भेतो का? गर्मीचा बंदोबस्त करतो."

"बाहेर मायनस थर्टी आहे, आणि घरात डेझर्ट कूलर?" रुचा कपाळावर हात मारून म्हणाली. "माहेरी कुणाला सांगूही शकत नाही मी हे."

पण तीही कूलरसमोरून हलली नाही. एडमंटनच्या कोरड्या हवेनं हिवाळाभर तिचं नाक चुरचुरायचं, ओठ फुटायचे. संध्याकाळपर्यंत नाक शांत झालं. प्रणवनं जमिनीवर चटई टाकली आणि लहानपणी सुट्टीत झोपायचा तसा कूलरसमोर आडवा पसरला. प्रमिलाबाईंनी आमरसाचा डबा फोडला. गॉर्डन पुन्हा काही पेटलं नाही ना हे बघायला आला आणि एक वाटी आमरस खाऊन, बूट काढून, चटईच्या कडेला बसला. "असा ह्युमिडिफायर कुठे मिळतो?" त्यानं विचारलं. माझ्यासाठीही एक बनवाल का, असं त्यानं दबकत विचारलं तेव्हा सूर्यकांतरावांनी कधी नव्हे तो भाव खात "वी विल सी" म्हटलं.

शनिवारी टायलर लहान स्टोव्ह घेऊन हजर झाला. तोवर सूर्यकांतरावांच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. आठवडाभर त्या स्वेटरमध्ये ते आतून शिजत होते. कूलरची झुळूक चटईपर्यंत यायची, आगीपाशी बसणाऱ्या कर्त्या पुरुषापर्यंत नाही. मानही मिळाला होता, आता लाज वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"प्रणव, बदलून टाक. माझं चुकलं. मोठाच झाला जरा."

"अजिबात नाही!" हे रुचा म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. "बाबा, तुम्ही एवढं मनापासून निवडलंत आणि आता परत द्यायचं? स्टोव्ह कुठेही जाणार नाही."

"नो! देन वी वोन्ट हॅव समर!" अनन्यानं कूलरला मिठी मारली.

"अगं पण मला खरंच गरम होतंय!" सूर्यकांतराव कळवळून म्हणाले.

"बाबा, तुम्ही आमच्यासाठी बोलताय ते," प्रणव भारावून म्हणाला. "तुम्हाला आणि गरम? नागपूरचे तुम्ही!"

सूर्यकांतरावांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून शांतपणे हात पुसत होत्या.

"तेव्हाच दुकानात सांगणार होते मी," त्या फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. "दर मे महिन्यात रजा टाकून चिखलदऱ्याला माझ्या भावाकडे कोण पळायचं? पण म्हटलं, इतक्या दिवसांनी चेहरा फुललाय माणसाचा. राहू दे."

टायलर लहान स्टोव्ह परत गाडीत चढवायला निघाला. दारात थांबून त्यानं कूलर पाहिला, धगधगणारा स्टोव्ह पाहिला, आणि रुचाला विचारलं, की हे सगळं डोकं कुणाचं?

"माय फादर-इन-लॉ," रुचा मान ताठ करून म्हणाली. पुण्याची असूनही तिनं पुढचंही सांगितलं. "ही इज फ्रॉम नागपूर."

टायलरनं टोपी काढली. सूर्यकांतरावांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं, स्टोव्हचं दार उघडून बर्चचा एक ओंडका झोकात आत सारला. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि हळूच चटईपाशी नेऊन ठेवली.