पाव तास पुढचा बापू

आमच्या बापूचं घड्याळ पाव तास पुढे असतं. बिघडलेलं नाही, मुद्दाम लावलेलं. सत्यनारायणाला बोलावलंत तर हा भटजींच्या आधी पाटावर. एसटी स्टँडवर गेला तर गाडीचा पत्ता नसतो आणि हा कंडक्टरच्या नावानं ओरडत असतो. कुणी काही म्हटलं तर मनगट पुढे करतो. "माझं बरोबर आहे. नेपाळात बघ किती वाजले!"

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत नेपाळची वेळ पाळणारा हा एकच. मी चौथीपर्यंत शिकलेला. मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. अजूनही थोडं वाटतं.

बापूचं घर माझ्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे. लग्न केलं नाही. उभा जन्म बोटीवर, इंजिनच्या खोलीत गेला. "मी नववी नापास," हे तो दागिना दाखवावा तसं सांगतो. "इंग्रजी वाचायला मला कोलंबोच्या सारंगानं, खलाशांच्या मुकादमानं शिकवलं. पंप उघडायला मनिलाच्या माणसानं. एकानं तरी विचारलं काय, मेल्या तू कुठल्या देशाचा?" मग पुढचं ठरलेलं. "आशिया म्हणजे एक वाडी रे सख्या! गडगा ज्याचा त्याला असू दे. पण गडग्याला बेडं हवं!"

बेडं म्हणजे गडग्याच्या वाटेत घातलेले आडवे बांबू. सरकवले की माणूस आत. हे वाक्य तो मासळीवालीलासुद्धा ऐकवतो. ती टोपली उचलत म्हणते, "बेडं ऱ्हाऊ दे बाजूला. बांगडे घेतोस की जाऊ?"

आमची ही गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून माझ्या घरात बोलणारं कुणी नाही आणि बापूला गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमतं. जमतं म्हणजे तो बोलतो, मी खेकसतो.

आता नेपाळ कुठून आलं ते सांगतो. आमच्याकडे आंब्याच्या कलमांच्या राखणीला नेपाळी माणसं येतात. दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन येतात, आंबा संपला की पावसाआधी परत जातात. माझ्या कलमांत टेकराज असतो. त्याची मुलगी सरिता, आठवीतली. दर मोसमाला तिची तिकडची अर्धी शाळा बुडायची. एकदा त्याच वर्गात बसली. यंदा बसली तर शाळा बंद, असं टेकराजनं सांगूनच टाकलं होतं. त्याला तरी काय बोलणार? गावात तिला ठेवणार कुणाकडे?

बापूला हे कळलं आणि मग कुणाचीच सुटका नव्हती. त्यानं तिच्या गावच्या शाळेचा नंबर मिळवला आणि हेडमास्तरांशी बोटीवरच्या हिंदीत भांडण काढलं. शेवटी ते म्हणाले, मुलीला फोनवरून वर्गात बसवा. चैत्रात तोंडी परीक्षा घेऊ. पास झाली तर नववीत घेऊ, वसतिगृहात जागाही देऊ.

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पोरीचा पाव तास बुडाला. त्याच दिवशी बापूनं घड्याळ फिरवलं, त्याबरोबर स्वतःलाही.

वाडीत रेंज नाही. ती मिळते माझ्या कलमांच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तीही डोक्याच्या वर. बापूनं आंबे काढायचा झेला आणला. त्याच्या जाळीत आपला फोन घातला आणि बांबू उभा धरला. वरच्या फोनचं नेट खालच्या फोनला. खाली सावलीत पोरगी नेपाळच्या शाळेत. जाणारी-येणारी माणसं वर बघायची, बापू कसले आंबे काढतोय म्हणून. झाड काजूचं.

परीक्षेच्या दिवशी बापूला एका जागी उभं राहवेना, म्हणून झेला माझ्याकडे आला. दहाला फोन येणार होता. बापूच्या घड्याळात दहा वाजले. फोन नाही. सव्वादहा व्हायला आले, तरी नाही.

"बेडं लावून घेतलंनी रे सख्या! फसवलंनी पोरीला!"

"बस खाली. तिला घाबरवू नको."

"तू झेला सरळ धर आधी! तुझ्यामुळे रेंज गेली."

"सरळच आहे. तुझं तोंड वाकडं झालंय."

"आजोबा, गप्प बसा ना," सरिता म्हणाली. "मला आठवत नाय मग काय."

बापूनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कानाला लावून बघितलं. 

तेवढ्यात फोन वाजला. हेडमास्तर! हसत हिंदीतून म्हणाले, "बापूजी, बरोबर तुमच्या दहाला केला. तुम्ही म्हातारे माणूस, आमच्या वेळेचा हिशेब तुम्हांला कशाला?"

अख्खा मोसम नेपाळच्या वेळेवर काढलेला हा माणूस. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला एवढं हसू आलं की झेला हलला आणि बापूनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

मग बराच वेळ नेपाळीत प्रश्न झाले. आम्हांला एक अक्षर कळत नव्हतं. बापू पोरीचं तोंड बघत होता, मी बापूचं. एकदा ती अडखळली, तर हा कातळावर उकिडवा बसून देवाचं नाव घ्यायला लागला. देव मानत नाही म्हणतो एरवी. शेवटी हेडमास्तरांनी हिंदीत सांगितलं, "पास. वैशाखात शाळा उघडते. पाठवून द्या."

टेकराज आंब्यांची पाटी टाकून कलमांतून धावत आला आणि बापूच्या पाया पडला. माझ्या खांद्यावरून झेला उतरला, तसं ओझंही उतरलं. आमची ही असती तर घावन घातले असते सगळ्यांना.

सरिता म्हणाली, "आजोबा, पुढल्या वर्षी मी येते हां आंब्याला."

"खबरदार!" बापू गरजला. "राखणीला आलीस तर तंगडं मोडीन. शाळा सोडून इथं काय तुझं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वसतिगृहात जागा म्हणजे ही पोर आता पुन्हा येणार नाही. उद्यापासून सकाळी बापूला सड्यावर काही काम नाही. त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यासाठीच तो एवढे दिवस बांबू धरून उभा होता.

बापू सडा उतरायला लागला. एकटाच, भराभर. मला त्याला गाठता आलं असतं. गाठलं नाही. आमच्या हिला पोचवून मी स्मशानातून परत येत होतो, तेव्हा हा बडबड्या माणूस अवाक्षर न बोलता माझ्या मागून थोडं अंतर ठेवून घरापर्यंत आला होता. मीही तसाच त्याच्या मागून चालत राहिलो.